लॅरी होम्स : अलीच्या सावलीत गेलेली सात वर्षं

सव्यसाची

हेवीवेट बॉक्सिंगच्या गप्पा अलीपासून सुरू होतात, फ्रेझर आणि फोरमनला हात लावून थेट टायसनवर येतात. मधली सात वर्षं कुणी बोलतच नाही. 9 जून 1978 ते 21 सप्टेंबर 1985 या काळात एक माणूस सलग जगज्जेता होता, एकदाही हरला नव्हता, आणि आज त्याचं नाव घेतलं तर निम्मे लोक विचारतात, "कोण?" तो माणूस म्हणजे लॅरी होम्स. हा धागा त्याच्यासाठी.

जन्म 1949 चा, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्टचा. बारा भावंडं. घर पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी हलल्यावर वडील कामासाठी दुसऱ्या राज्यात गेले आणि सगळा भार आईवर पडला. लॅरीने सातवीतच शाळा सोडली आणि गाड्या धुण्याच्या कामाला लागला. बॉक्सिंगकडे वळला तोही तसा उशिरानेच. एर्नी बटलर नावाच्या स्थानिक प्रशिक्षकाने त्याला धडे दिले. 1972 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ड्वेन बॉबिकशी लढताना सारखा मिठी मारतो म्हणून बाद झाला, आणि "या पोरात धमक नाही" हा शिक्का तिथे बसला. तो पुसायला त्याला कित्येक वर्षं लागली.

मार्च 1973 मध्ये तो व्यावसायिक झाला, पण पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे ठोसे खायचं काम चालूच होतं. डियर लेकला अलीचा सराव तळ होता, तिथे हा स्पॅरिंग पार्टनर. अलीकडून पहिल्यांदा डोळा काळानिळा झाला तेव्हा लोक बर्फ लावायला आले, तर याने लावू दिला नाही. ती खूण त्याला मिरवायची होती! फ्रेझरबरोबरही त्याने सराव केला. 1974 मध्ये झैरेला, 1975 मध्ये मनिलाला, सगळीकडे हा अलीच्या ताफ्यात होता. मनिलातल्या त्या प्रसिद्ध अली-फ्रेझर लढतीच्या दिवशी त्याच रिंगमध्ये आधी होम्सचीही लढत झाली. त्याने रॉडनी बॉबिकला हरवलं, म्हणजे ज्या ड्वेनमुळे तो बाद ठरला होता त्याच्या भावाला. पण त्या दिवसाचं वर्णन करताना ही लढत कुणालाच आठवत नाही.

मार्च 1978 मध्ये त्याने अर्नी शेव्हर्सला बारा राउंड नुसतं नाचवलं आणि केन नॉर्टनशी लढायचा हक्क मिळवला. अलीला हरवून जगज्जेता झालेल्या लिऑन स्पिंक्सने नॉर्टनऐवजी अलीशी पुन्हा लढायचं ठरवल्यामुळे डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने त्याचा किताब काढून नॉर्टनला दिला होता. लढतीच्या आधी काही दिवस सरावात होम्सच्या डाव्या दंडाला दुखापत झाली. ज्याचं सगळं कौशल्य डाव्या हातात, त्याचाच तो हात. तरी त्याने लढत पुढे ढकलली नाही.

लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमधल्या त्या लढतीचे चौदा राउंड संपले तेव्हा तिन्ही जजांच्या कागदावर दोघांचे गुण सारखे होते. पंधराव्या राउंडमध्ये पाय उचलायची ताकद नसलेली दोन माणसं समोरासमोर उभी राहिली आणि तीन मिनिटं एकमेकांना ठोसत राहिली. आधी नॉर्टनची सरशी, मग होम्सची. राउंडच्या शेवटी शेवटी होम्सच्या ठोशांनी नॉर्टन हेलपाटला. निकाल 143-142 होम्स, 143-142 होम्स, 143-142 नॉर्टन. एका राउंडने हा माणूस जगज्जेता झाला. हेवीवेटच्या इतिहासातला याहून चांगला राउंड मला कुणी दाखवावा.

---

पायवाट

सुंदर लेख! नाव ऐकून होतो, पण टायसनने झोपवलेला म्हातारा एवढीच ओळख होती. होम्सचा जॅब सर्वांत भारी असं सगळे म्हणतात. जॅब तर प्रत्येक बॉक्सर मारतो, मग याच्यात वेगळं काय होतं? कुणी जाणकार सांगेल का?

---

चौथा_कोपरा

पायवाट, मी काही वर्षं रिंगमध्ये घाम गाळलाय, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

साधारणपणे शिकवतात ते असं : डावा हात गालाजवळ, तिथून सरळ पुढे आणि परत गालाजवळ. होम्स डावा हात खाली ठेवायचा, कधी कधी पार कमरेच्या उंचीवर. त्यामुळे ठोसा खालून तिरपा वर यायचा. समोरच्याची नजर छाती-खांद्यावर असते, तिथे हालचाल दिसेपर्यंत ठोसा नाकावर बसलेला असायचा. हाताची झेप 81 इंच. शिवाय ठोशाबरोबर पुढचा पाय टाकायचा, त्यामुळे तो नुसत्या हाताचा ठोसा राहायचा नाही, अंगाचं वजन त्यात यायचं. शेव्हर्सबरोबरच्या दोन्ही लढती बघा. बाकीच्यांच्या जॅबने डोळ्यांत पाणी येतं, याच्या जॅबने डोकं मागे फेकलं जातं.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. तो प्रत्येक जॅब सारखा मारत नसे. एक नुसता डोळ्यांसमोर नाचवायला, दुसरा अंतर मोजायला, तिसरा खरा. तिसरा कोणता ते समोरच्याला कळायचं नाही. मग समोरचा जॅब अडवायला हात पुढे आणू लागला की वरून उजवा यायचा.

याची किंमतही होती. डावा खाली असला की समोरच्याच्या उजव्या हाताला वाट मोकळी. 1979 मध्ये शेव्हर्सने सातव्या राउंडमध्ये त्याला तिथूनच आडवा केला. शेव्हर्स हा हेवीवेटमधल्या सर्वांत जबर ठोसे मारणाऱ्यांपैकी एक. त्या ठोशानंतर माणूस उठतो यावर पाहताना विश्वास बसत नाही. होम्स उठला, पाय लटपटत होते, तरी राउंड काढला आणि अकराव्या राउंडमध्ये रेफरीला लढत थांबवायला लावली. 1981 मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही सातव्याच राउंडमध्ये त्याला असंच पाडलं. पुन्हा उठला, पुन्हा अकराव्यात जिंकला. धमक नाही म्हणणाऱ्यांनी या दोन लढती पाहाव्यात.

---

उत्तररात्र

लेख छान आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. वीस वेळा किताब राखला म्हणतात, त्या वीसमध्ये कोण होतं? ओकासियो, झॅनन, लेडू, रॉड्रिगेझ, स्कॉट फ्रँक. यातलं एकही नाव आज कुणाला आठवत नाही. मार्विस फ्रेझरची लढत तर डब्ल्यूबीसीने मानलीच नव्हती. दुसऱ्या संघटनेचा, डब्ल्यूबीएचा, विजेता कायम वेगळा होता आणि सात वर्षांत किताब एकदाही एकत्र आला नाही. ग्रेग पेज, पिंकलन थॉमस यांच्याशी तो लढला नाही. 1983 मध्ये टिम विदरस्पूनने त्याला जवळजवळ हरवलंच होतं, जजांचं एकमत झालं नाही, आणि त्याला पुन्हा संधी दिली नाही. चांगला बॉक्सर, मान्य. पण थोर म्हणायला हे पुरेसं आहे का?

---

सव्यसाची

उत्तररात्र, मुद्दे बिनतोड आहेत आणि विदरस्पूनच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. ती लढत पुन्हा व्हायला हवी होती. पेजशी लढायचा डब्ल्यूबीसीचा आग्रह होता आणि मोबदला मनासारखा नव्हता म्हणून होम्सने 1983 च्या डिसेंबरात तो किताबच सोडला आणि नव्याने निघालेल्या आयबीएफ या संघटनेची मान्यता घेतली. डब्ल्यूबीएचा विजेता गेरी कोएत्झी याच्याशी 1984 मध्ये लढत ठरत होती, ती पैशांच्या घोळात बारगळली. हा डाग राहणारच.

पण "समोर कोण होतं" हे वेगळ्या तऱ्हेने तपासून बघा. माइक वीव्हरला त्याने 1979 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाराव्या राउंडमध्ये हरवलं. तोच वीव्हर पुढच्या वर्षी डब्ल्यूबीएचा विजेता झाला. ट्रेव्हर बर्बिक, विदरस्पून आणि जेम्स 'बोनक्रशर' स्मिथ हे तिघंही होम्सकडून हरल्यानंतर जगज्जेते झाले. होम्सला हरवता न आलेली माणसं इतरांना हरवून किताब मिळवत होती. पिढी कमकुवत होती असं म्हणताना हे लक्षात घ्यावं लागतं. शिवाय पहिल्या आठ वेळा किताब राखताना त्याने एकही लढत शेवटपर्यंत जाऊ दिली नाही. आठच्या आठ प्रतिस्पर्धी वेळेआधी संपवले.

---

वाचनवेडा

त्या आठांतला आठवा अली होता. त्याबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. ही लढत मला अजूनही सलग पाहवत नाही.

2 ऑक्टोबर 1980, सीझर्स पॅलेसच्या वाहनतळावर उभारलेलं तात्पुरतं मैदान. अली 38 वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर. तोवर जिभेत जडपणा जाणवायला लागला होता. मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली आणि नेव्हाडाने परवाना दिला. अलीने केस काळे केले, वजन उतरवून 217 पौंडांवर आणलं आणि लोक म्हणाले, "बघा, पूर्वीचा अली!" त्याला थायरॉइडचं औषध दिलं होतं आणि त्याने अंगातली सगळी शक्ती शोषून घेतली होती, हे मागाहून बाहेर आलं.

लढतीत काहीच झालं नाही, हेच त्या लढतीचं दुःख. अली हात वर करून दोराला टेकून उभा आणि होम्स समोरून जॅब मारतोय. तिन्ही जजांनी प्रत्येक राउंड होम्सला दिला. नवव्या राउंडमध्ये अली वेदनेने आक्रसून गेला तेव्हा होम्स मारता मारता रेफरीकडे बघत होता, थांबवा आता म्हणून. दहावा संपल्यावर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवायला सांगितलं. अलीच्या कोपऱ्यातला बंडिनी ब्राउन "आणखी एकच राउंड" म्हणून गयावया करत होता, पण डंडीने ऐकलं नाही. आख्ख्या कारकिर्दीत अलीची लढत अशी थांबवावी लागली ती फक्त तेव्हाच.

नंतर होम्स रडला. अलीच्या खोलीत जाऊन त्याला भेटून आला. आणि जगाने याच माणसावर राग धरला! लढला नसता तर "अलीला घाबरला" म्हणाले असते. लढून हरला असता तर प्रश्नच मिटला असता. जिंकला, तर "म्हाताऱ्या माणसाला मारलं" म्हणाले. ज्याच्यापुढे तो वर्षानुवर्षं सराव करत वाढला, ज्याने दिलेली काळ्या डोळ्याची खूण त्याने मिरवली, त्यालाच मारायचं काम त्याच्या वाट्याला आलं. त्याने ते करताना हात आखडता घेतला, हे दिसतं. तेवढं तरी लोकांनी पाहायला हवं होतं.

---

पायवाट

वाचनवेडा, तुमचा प्रतिसाद वाचून लढत पाहायला बसलो. सहाव्या राउंडला बंद केली.

---

चौथा_कोपरा

आता कूनीची लढत यायला हवी, कारण तिथे बॉक्सिंगपेक्षा बाकीच गोष्टी जास्त होत्या.

जेरी कूनी, 25 लढती, 25 विजय. 1981 मध्ये त्याने नॉर्टनला 54 सेकंदांत संपवलं. पण त्याच्याभोवती जे वादळ उठलं ते त्याच्या डाव्या हूकमुळे नव्हे, तो गोरा होता म्हणून. 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर आव्हानवीर कूनी झळकला, जगज्जेता नाही. प्रमोटर डॉन किंगने वंशाची आग पेटती ठेवली कारण तिकिटं त्यावरच खपत होती. दोघांना मानधन सारखंच, जे जगज्जेत्याच्या बाबतीत सहसा होत नाही. आणि 11 जून 1982 च्या रात्री रिंगमध्ये ओळख करून देताना आधी होम्सचं नाव पुकारलं, नंतर कूनीचं. जगज्जेत्याचं नाव शेवटी घ्यायचं ही बॉक्सिंगमधली साधी रीत आहे. गच्च्यांवर बंदूकधारी पोलीस तैनात होते.

या सगळ्या विखारात होम्स लढतीआधी कूनीजवळ गेला आणि चांगली लढत करू या, एवढंच बोलला. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने कूनीला पाडलं. कूनी उठला आणि पुढे दहा राउंड खरोखर चांगला लढला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मात्र त्याचे ठोसे वारंवार पट्ट्याखाली जात होते आणि त्यापायी त्याचे तीन गुण कापले गेले. तेराव्यात कूनी दोरांवर कोसळायला लागला तेव्हा त्याचा प्रशिक्षक व्हिक्टर व्हॅले रिंगमध्ये घुसला आणि लढत संपली.

आता गुणांची गंमत बघा. लढत थांबली तेव्हा दोन जजांकडे होम्स फक्त दोन गुणांनी पुढे होता. ते तीन गुण कापले नसते तर कूनी पुढे असता! जॅबनी कूनीचं तोंड सुजवून टाकलेला माणूस दोन जजांच्या मते मागे असता. होम्सच्या मनात कडवटपणा कुठून आला ते इथे कळतं.

होम्स आणि कूनी पुढे चांगले मित्र झाले. ज्यांनी त्यांना एकमेकांवर सोडलं होतं त्यांना हे किती लागलं असेल कोण जाणे, पण मला याचा फार आनंद वाटतो.

---

उत्तररात्र

कूनीच्या लढतीबाबत सहमत. पण कडवटपणाचा विषय निघालाच आहे तर मार्सियानोबद्दलचं बोलणं कसं विसरायचं? 48 लढती, 48 विजय. आणखी एक जिंकला असता तर रॉकी मार्सियानोच्या 49-0 ची बरोबरी. 21 सप्टेंबर 1985, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षं पूर्ण झाली तो दिवस. समोर मायकेल स्पिंक्स, म्हणजे ज्या लिऑनला होम्सने 1981 मध्ये तीन राउंडांत हरवलं त्याचा धाकटा भाऊ, लाइट हेवीवेटमधून वजन वाढवून आलेला. तोवर कुठल्याही लाइट हेवीवेट विजेत्याला हेवीवेटचा किताब मिळाला नव्हता. स्पिंक्सला मिळाला. आणि हरल्यावर होम्स पत्रकारांसमोर म्हणाला की मार्सियानोला माझा लंगोट उचलायचीही लायकी नव्हती. मार्सियानोचे घरचे लोक त्या लढतीला आलेले होते. ज्याला जाऊन सोळा वर्षं झाली त्याच्याबद्दल असं बोलायचं?

---

सव्यसाची

ते बोलणं वाईटच होतं आणि होम्सने पुढे माफीही मागितली. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण एका वाक्यावर पूर्ण कारकीर्द मोजली गेली याचा मला राग येतो. आजही त्याचं नाव शोधलं की आधी ते वाक्य समोर येतं, नॉर्टनविरुद्धचा पंधरावा राउंड नाही.

लढतीपुरतं बोलायचं तर स्पिंक्स त्या दिवशी चलाखीने लढला. सरळ समोर उभाच राहिला नाही. वेडेवाकडे कोन, मध्येच चार-पाच ठोशांची सर आणि लगेच बाजूला. जॅबला निशाणा लागतो तो जागेवर असलेल्या माणसावर. 36 ला टेकलेल्या होम्सच्या हातातला तो पहिला झटका ओसरला होता. निकाल जवळचा होता आणि मला तो पटतो. पटत नाही तो एप्रिल 1986 च्या फेरलढतीचा. ती होम्सने जिंकली होती असं माझं मत आहे, आणि तसं म्हणणारा मी एकटा नाही. तिथे जज फुटले आणि किताब स्पिंक्सकडेच राहिला.

एक मुद्दा सुटतोय. नोव्हेंबर 1982 मध्ये मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर किम दुक-कू या कोरियन बॉक्सरचा मृत्यू झाला आणि डब्ल्यूबीसीने लढती पंधरावरून बारा राउंडांवर आणल्या. त्याच महिन्यात होम्सने टेक्स कॉबला पंधरा राउंड एकतर्फी धुतलं. ते पाहून हॉवर्ड कोसेलने व्यावसायिक बॉक्सिंगचं समालोचन कायमचं सोडलं. होम्स हा पंधरा राउंडांच्या युगातला शेवटचा मोठा हेवीवेट. तेराव्या राउंडनंतर कोण उरतो, हा प्रश्न आता कुणाला विचारताच येत नाही.

---

पायवाट

आणि टायसन? त्यानंतर काय झालं? पैसे उरले का? या लोकांचा शेवट बहुतेक वेळा कंगाल होऊनच होतो.

---

सव्यसाची

टायसनशी तो जानेवारी 1988 मध्ये लढला. वय 38, जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर. चौथ्या राउंडच्या सुरुवातीला पायांवर नाचून जॅब मारायला लागला, क्षणभर जुना होम्स दिसला. मग टायसनचा उजवा लागला. त्या राउंडमध्ये तो तीनदा पडला. एकूण 75 लढतींत तो वेळेआधी हरला ती हीच एक. लोकांनी नेमकी हीच लक्षात ठेवावी, हे त्याचं नशीब.

पण खरी मजा पुढे आहे. 1991 मध्ये तो परत आला. फेब्रुवारी 1992 मध्ये अटलांटिक सिटीत समोर रे मर्सर : सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, व्यावसायिक लढतींत अपराजित, पोलादी हनुवटीचा. होम्स 42 वर्षांचा. हा गृहस्थ कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला, मर्सरला अंगावर येऊ दिलं, त्याचे ठोसे खांद्यावर आणि कोपरावर घेतले आणि मधूनच खालून उजवा अपरकट. राउंड चालू असताना कॅमेऱ्याकडे बघून बोलतही होता! बारा राउंडांनंतर तिन्ही जजांनी त्याला विजयी ठरवलं. तारुण्यात पायांनी जे केलं ते म्हातारपणी डोक्याने केलं. मग होलिफील्डकडून गुणांवर हरला. 45 व्या वर्षी ऑलिव्हर मॅकॉलकडून निसटत्या फरकाने हरला, आणि तोच जिंकला असं वाटावं इतकी ती लढत जवळची होती. शेवटची लढत 2002 मध्ये, बटरबीनविरुद्ध, जिंकून. हिशेब 69 विजय, 6 पराभव, 44 नॉकआउट.

पैशांबद्दल : किंगने आपल्या मानधनाचा मोठा वाटा कापला असं त्याने उघडपणे अनेकदा म्हटलंय. पण हातात आलेला पैसा त्याने उधळला नाही. ईस्टनमध्येच इमारती घेतल्या, उपाहारगृह काढलं, कचेऱ्या भाड्याने दिल्या. मोठ्या शहरात राहायला गेलाच नाही. गावात 'लॅरी होम्स ड्राइव्ह' नावाचा रस्ता आहे आणि 2015 मध्ये त्याचा पुतळा उभारला. 2008 मध्ये तो बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

---

वाचनवेडा

नव्याने पाहणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी? अलीच्या लढतीपासून नको, एवढं मी सांगतो.

---

चौथा_कोपरा

माझा क्रम : आधी नॉर्टन, पूर्ण पंधरा राउंड, शेवटचाच तुकडा बघू नका. मग शेव्हर्सची दुसरी लढत. मग वीव्हर, कारण तिथे तो अडचणीत सापडतो आणि अकराव्यातल्या एका अपरकटने सुटतो. त्यानंतर कूनी. उत्तररात्र यांच्यासाठी विदरस्पून, म्हणजे त्यांचा मुद्दाही नीट तपासता येईल. मर्सर सगळ्यात शेवटी, आणि ती पाहताना होम्सचा डावा हात नाही, डावा खांदा बघा.

---

उत्तररात्र

विदरस्पून काल रात्री पुन्हा पाहिली. नववा राउंड विदरस्पूनचा, होम्स तिथे डगमगलाय. पण त्याच राउंडच्या शेवटी तो उलट मारत बाहेर येतो. मी सात-पाच होम्स दिली. पुन्हा लढायला हवं होतं, हे मात्र मी सोडणार नाही.